तारापूरचा सौदा

1957 सालच्या सुरुवातीला मुंबईच्या वेशीवर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. 20 जानेवारीला पंडित नेहरूंनी ट्रॉम्बेच्या टेकडीखालच्या अणुशक्ती आस्थापनेचं औपचारिक उद्घाटन केलं. फेब्रुवारीत बृहन्मुंबईची हद्द सरकली आणि पश्चिमेला दहिसर, पूर्वेला मुलुंड इथपर्यंतची गावं शहरात आली. बोरिवली, कांदिवली, मुलुंड ही तेव्हा भाताची खाचरं, चिकूच्या नि आंब्याच्या वाड्या आणि नुकत्याच उठू लागलेल्या चाळी यांची वस्ती. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असं त्या वर्षी कुणाला वाटलं नसणार. पुढच्या बारा वर्षांत तो जुळला, आणि जुळला तो दोन्ही ठिकाणांपासून दूर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका खडकाळ किनाऱ्यावर.

त्या किनाऱ्यावरचं तारापूर अणुवीज केंद्र हा देशातला पहिला अणुवीज प्रकल्प. त्याची कहाणी बहुधा वैज्ञानिक पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. पराक्रम होताच. पण कागदपत्रांच्या क्रमाने पाहिलं तर ती आधी एका खरेदीची कहाणी आहे. घाईच्या गरजेपोटी, उधारीवर, घेणाऱ्याच्या स्वतःच्याच तत्त्वांना मुरड घालून केलेली ही खरेदी. त्यानंतरचे तारापूरचे बहुतेक प्रश्न या सौद्यातूनच निघाले आहेत.

सुरुवात ट्रॉम्बेपासूनच करावी लागते. पन्नासच्या दशकात मुंबई बेटावर न मावणारं सगळं ट्रॉम्बे-माहुलच्या खाडीकाठाला जाऊन बसत होतं. 1954 मध्ये स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना आला, पुढच्या वर्षी बर्मा-शेलचा, आणि 1956 मध्ये टाटांचं औष्णिक वीज केंद्र. त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला होमी भाभांनी अणुसंशोधनासाठी जागा घेतली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि तरीही कुर्ला-चेंबूरहून रोज कामावर येता येईल इतकी शहराच्या जवळ. भाभांना झाडांचं वेड होतं. इमारतींइतकंच लक्ष त्यांनी तिथल्या बागांच्या आखणीकडे दिलं. 4 ऑगस्ट 1956 रोजी दुपारी पावणेचारला ‘अप्सरा’ ही पाण्याच्या कुंडातली लहानशी अणुभट्टी चालू झाली. क्षमता एक मेगावॅट, तीही औष्णिक. विजेशी तिचा काही संबंध नव्हता. इंधन ब्रिटनकडून आलं होतं, भट्टी मात्र इथल्या माणसांनी बांधली होती. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली अणुभट्टी. चार वर्षांनी, जुलै 1960 मध्ये, कॅनडाच्या मदतीने उभारलेली 40 मेगावॅटची ‘सायरस’ सुरू झाली. तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं होतं. ही सायरस पुढे तारापूरच्या गोष्टीत एका अनपेक्षित दारातून आत येणार आहे.

ट्रॉम्बेत वीज होत नव्हती. वीज करण्याचं स्वप्न मात्र तिथेच आखलं जात होतं, आणि ते स्वप्न मुंबईला हवंच होतं.

मुंबईची वीज मूळची घाटावरच्या पावसाची. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून 1915 मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू केलं ते गिरण्यांसाठी; मग भिवपुरी आणि भिरा आली. उपनगरांसाठी 1929 मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. सगळे तिला ‘बीएसईएस’ म्हणत. ती स्वतः वीज तयार करत नसे. टाटांकडून घ्यायची आणि वांद्र्यापासून उत्तरेकडे वाटायची. स्वातंत्र्यानंतर घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या आग्रा रोडलगत कारखान्यांची रांग उभी राहिली. अंधेरी-कांदिवलीकडेही तोच प्रकार. पावसाच्या भरवशावर एवढा भार पेलणार नव्हता आणि कोळसा बिहार, बंगाल, मध्य प्रदेशातून शेकडो मैल रेल्वेने वाहून आणावा लागे. भाभांचा हिशेब नेमका इथेच सुरू होत होता. कोळशाच्या खाणींपासून इतक्या दूर असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडेल, हे ते देशात आणि परदेशात आकडे मांडून सांगत होते. 1955 मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली, तिचं अध्यक्षपद भाभांकडे होतं. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. ते नेहमीच अचूक असे मात्र नाही: वीस वर्षांत संलयनातून ऊर्जा मिळवता येईल, असंही त्यांनी त्याच व्यासपीठावरून सांगितलं होतं.

मुंबईच्या जवळ, पण मुंबईत नाही; समुद्राचं अमाप पाणी, पायाला घट्ट खडक, आणि गुजरातच्या कारखानदारीलाही वीज देता येईल अशी जागा हवी होती. शोध तारापूरला येऊन थांबला. मुंबईपासून शंभरेक किलोमीटर उत्तरेला, पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावरून समुद्राकडे वळलं की हे गाव लागतं. पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत 1739 मध्ये मराठ्यांनी तो घेतला. खाडीपलीकडे चिंचणी. दक्षिणेला घिवली, अक्करपट्टी, पोफरण ही गावं. मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ वस्ती, पूर्वेला वारली पाडे. बोंबलाच्या डोल-जाळ्यांवर, वाळवलेल्या सुक्या मासळीवर आणि थोड्या भातावर चालणारा हा पट्टा. त्याच पट्ट्यातल्या घराघरांत पुढे डाय बनवण्याचा धंदा फोफावला. सोनारांना लागणारे पोलादी ठसे कोरणाऱ्या या कारागिरांचं गिऱ्हाईक थेट झवेरी बाजारात. म्हणजे अणुवीज येण्याआधीही आणि नंतरही हा किनारा मुंबईच्या बाजाराशी बांधलेलाच होता.

ऑक्टोबर 1960 मध्ये जागतिक निविदा मागवल्या गेल्या. आदल्या मे महिन्यात मुंबई राज्याची दोन शकलं होऊन महाराष्ट्र आणि गुजरात जन्मले होते, आणि निम्मी-निम्मी वीज या दोन्ही राज्यांना द्यायची असं ठरलं. निविदांतून निवड झाली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. इथे थोडं थांबायला हवं, कारण भाभांच्याच योजनेत या निवडीला जागा नव्हती.

1954 पासून भाभा तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडत होते. पहिल्या टप्प्यात देशातल्याच नैसर्गिक युरेनियमवर आणि जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या. त्यांच्या जळक्या इंधनातून प्लुटोनियम काढून दुसऱ्या टप्प्यातल्या वेगवान भट्ट्या. आणि शेवटी केरळच्या वाळूत विपुल असलेलं थोरियम. सगळा डाव एकाच गोष्टीवर उभा होता: इंधनासाठी कुणापुढे हात पसरायचा नाही. जनरल इलेक्ट्रिकची भट्टी बरोबर उलट्या जातीची होती. तिला समृद्ध युरेनियम लागतं, म्हणजे ज्यात विखंडनक्षम अंश नैसर्गिक प्रमाणापेक्षा वाढवलेला असतो असं. ते भारतात होत नव्हतं. त्या काळात ते विकणारा व्यवहार्य पुरवठादार एकच, अमेरिका.

मग भाभांनी ती का घेतली? एक कारण वेळेचं. उकळत्या पाण्याची ही भट्टी तयार होती, विक्रेता किल्ली हातात देईपर्यंत सगळी जबाबदारी घेत होता, आणि अणुवीज चालते हे दिल्लीच्या अर्थखात्याला लवकर दाखवायचं होतं. दुसरं कारण पैशाचं. अमेरिकेच्या मदत-संस्थेने सुमारे आठ कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं, नाममात्र व्याजावर आणि चाळीस वर्षांच्या मुदतीवर. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या दिवसांत ही अट मोहात पाडणारी होती. 8 ऑगस्ट 1963 रोजी भारत-अमेरिका करार झाला: तारापूरसाठी तीस वर्षं इंधन अमेरिका पुरवील, आणि भारत ते फक्त अमेरिकेकडूनच घेईल. मे 1964 मध्ये जनरल इलेक्ट्रिकशी खरेदीचा करारही झाला. बांधकाम बेक्टेल या अमेरिकी कंपनीकडे गेलं.

भारत-अमेरिका करारातलं तपासणीचं कलम भाभांना गिळायला जड गेलं असणार. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत असताना, 1956 मध्ये, गरीब देशांवर तपासनीस लादण्याच्या कल्पनेला त्यांनीच कसून विरोध केला होता. तारापूरमध्ये तेच तपासनीस आले. देशातलं आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचं हे पहिलं केंद्र ठरलं. मुत्सद्देगिरीत अशी तडजोड नवी नाही. पण ज्याने नियमाला विरोध केला त्याच्याच हातून तो देशात शिरला, याची नोंद तारापूरच्या गौरवग्रंथांत सहसा सापडत नाही.

भाभांना तारापूर पाहायला मिळालं नाही. 24 जानेवारी 1966 रोजी मॉन्ट ब्लांकवर एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान कोसळलं, त्यात ते गेले. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या आस्थापनेला त्यांचं नाव मिळालं. अणुऊर्जा आयोगाची धुरा विक्रम साराभाईंकडे आली. डिसेंबर 1967 मध्ये कोयनेचा भूकंप झाला. 1962 पासून मुंबईला वीज देणारं कोयनेचं केंद्र बंद पडलं आणि शहर अंधारात गेलं. एकाच खोऱ्यातल्या विजेवर एवढं शहर टांगून ठेवणं किती धोक्याचं, हे पुन्हा सांगायला कुणी तज्ज्ञ लागला नाही.

तारापूरची पहिली भट्टी 1 फेब्रुवारी 1969 रोजी सुरू झाली, दुसरी त्याच महिन्याच्या अखेरीस. 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी वीजपुरवठा सुरू झाला. प्रत्येक संच 210 मेगावॅटचा. अमेरिकेतलं ऑयस्टर क्रीक हे त्याच घराण्यातलं केंद्र व्यापारी वीज देऊ लागलं ते डिसेंबरात, म्हणजे तारापूरने मूळ देशातल्या भावंडाला महिन्याभराने मागे टाकलं. ‘आशियातलं पहिलं अणुवीज केंद्र’ असं मात्र अनेक पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं, ते बरोबर नाही. जपानचं तोकाई केंद्र 1966 पासून व्यापारी वीज देत होतं. तारापूर देशात पहिलं, आणि तेवढा मान पुरेसा आहे.

या भट्टीची रचना साधी आहे आणि तिच्यातच तिच्या पुढच्या दुखण्याचं मूळ आहे. इंधनाच्या दांड्यांभोवतीचं पाणी भट्टीतच उकळतं आणि ती वाफ सरळ टर्बाइनकडे जाते. तारापूरच्या जुन्या आराखड्यात याच्या जोडीला दुय्यम वाफजनित्रंही होती: भट्टीतल्या गरम पाण्याची उष्णता घेऊन ती आणखी वाफ करायची. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला समुद्राचं पाणी लागतं. ते एका चरातून आत घ्यायचं आणि किंचित कोमट करून परत सोडायचं. खंबायतच्या आखाताकडे जाणाऱ्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक मोठा आणि पाणी गाळाचं. इथे पाणी घेण्याची व्यवस्था राखणं हेच एक स्वतंत्र काम. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती यंत्रणाच बाजूला काढावी लागली आणि प्रत्येक संचाची क्षमता 210 वरून 160 मेगावॅटवर आली. तिथून पुढे हे दोन्ही संच कायम 160चेच राहिले.

वीज निघाली ती गुजरातकडे आणि दक्षिणेला. 220 किलोव्होल्टची वाहिनी डहाणू-पालघरच्या पाड्यांवरून, वसईच्या खाडीवरून बोरिवलीच्या उपकेंद्रात उतरली. नवी उपनगरं ज्या वर्षांत खाचरं बुजवून इमारती बांधत होती, त्याच वर्षांत ही वाहिनी चालू झाली. अर्थात एकदा जाळ्यात शिरलेल्या विजेवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. खोपोलीची कुठली आणि तारापूरची कुठली हे दिव्याखाली बसलेल्याला कळायचं कारण नाही.

18 मे 1974 रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरसमधलं. शांततामय कामासाठीच वापरू, या अटीवर कॅनडाने दिलेली भट्टी आणि अमेरिकेने दिलेलं जड पाणी. भारताचं म्हणणं, स्फोटही शांततामयच होता. कॅनडाने मदत थांबवली आणि राजस्थानच्या रावतभाट्याचा प्रकल्प अडकला. अमेरिकेचा राग मात्र तारापूरवर निघाला. कारण अमेरिकेच्या हातात तारापूरच्या इंधनाची चावी होती.

मार्च 1978 मध्ये अमेरिकेने अण्वस्त्र प्रसारबंदीचा नवा कायदा केला. ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला दोन वर्षांनंतर इंधन मिळणार नाही. भारताचं म्हणणं सरळ होतं: 1963 मध्ये करार झाला, त्यात ही अट नव्हती, करार झाल्यावर कायदा बदलून जुन्या सौद्याच्या अटी बदलता येत नाहीत. अमेरिकेच्या बाजूने सांगायचं तर त्यांच्या मते ज्या देशाने दिलेल्या वस्तूचा असा वापर केला त्याला आणखी माल देणं मूर्खपणाचं होतं. दोन्ही बाजूंना कायद्याचा आधार सापडत होता, आणि मधे दोन भट्ट्या इंधनावाचून अडण्याच्या बेतात होत्या. पंतप्रधान मोरारजी देसाई स्वतः अण्वस्त्रांचे कट्टर विरोधक. पण सगळी केंद्रं तपासणीसाठी उघडायला त्यांनीही ठाम नकार दिला. जानेवारी 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत आले असताना आपल्या परराष्ट्रमंत्र्याच्या कानाशी, मोरारजींना परत गेल्यावर कडक पत्र लिहायला हवं, अशा अर्थाचं बोलले आणि ते चालू ध्वनिक्षेपकातून वार्ताहरांपर्यंत पोचलं. तारापूर देशाच्या पहिल्या पानावर आलं ते या निमित्ताने.

गंमत अशी की, त्याच कार्टरनी त्या वर्षी इंधन पाठवलं. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात मतं समसमान पडली तेव्हा त्यांनी अध्यक्षीय आदेश काढून खेप मोकळी केली. 1980 मध्ये पुन्हा तोच प्रसंग: आयोगाने नकार दिला, कार्टरनी आदेश काढला, प्रतिनिधिगृहाने तो मोठ्या बहुमताने फेटाळला आणि सप्टेंबरात सिनेटने अवघ्या दोन मतांनी, 48 विरुद्ध 46, वाचवला. बोरिवलीच्या उपकेंद्राला जोडलेल्या एका केंद्राचं इंधन वॉशिंग्टनमधल्या दोन सिनेटरांवर अवलंबून राहिलं होतं. हा पुरवठा पुढे चालू ठेवणं दोन्ही देशांना डोकेदुखीचं झालं. 1982 मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत मधला रस्ता निघाला: इंधन फ्रान्स देईल, करार राहील. 1993 मध्ये मूळ कराराची तीस वर्षं संपली आणि फ्रान्सही थांबला. मग 1995 मध्ये इंधन आलं चीनकडून, 2001 मध्ये अमेरिकेच्या आक्षेपांना न जुमानता रशियाकडून. भाभांनी वेळ वाचवण्यासाठी घेतलेल्या यंत्राने चार महासत्तांच्या दारात उभं राहण्याची पाळी आणली. या काळात ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेलं इंधन तयार करून तारापूरच्या भट्टीत काही प्रमाणात वापरूनही पाहिलं; परदेशी इंधन एकदम बंद झालंच तर काय, याचं ते उत्तर होतं.

आणखी एक गोष्ट या सौद्यातून मागे राहिली: जळून गेलेलं इंधन. करारानुसार त्यावर फेरप्रक्रिया करायची तर अमेरिकेची संमती हवी. ती संमती त्यांनी दिली नाही, आणि ते परतही नेलं नाही. तारापूरलाच फेरप्रक्रियेचा कारखाना सत्तरच्या दशकात उभा राहिला, पण अमेरिकी इंधन त्याच्या शेजारी पाण्याच्या टाक्यांत पडून राहिलं. मूळ टाक्या भरल्या म्हणून दांड्या दाटीवाटीने लावाव्या लागल्या, मग वेगळी साठवण बांधावी लागली.

तारापूरने देशाला एक धडा मात्र दिला, आणि तो पाळलाही गेला. पुढची कैक वर्षं भारताने परदेशातून तयार भट्टी घेतली नाही. रावतभाटा, कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार अशी नैसर्गिक युरेनियमची, जड पाण्याची साखळी उभी राहिली. या वाटेवर ट्रॉम्बेत घडलेल्या पिढीत अनिल काकोडकर होते. रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेला हा अभियंता 1964 मध्ये ट्रॉम्बेच्या आस्थापनेत आला आणि 1985 मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ भट्टीच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना तारापूरला तिसरा आणि चौथा संच आला. हे 540 मेगावॅटचे, त्या वेळी देशातले सर्वांत मोठे अणुवीज संच, आराखड्यापासून स्वदेशी. बांधकाम 2000 मध्ये सुरू झालं. चौथा संच सप्टेंबर 2005 पासून, तिसरा ऑगस्ट 2006 पासून व्यापारी वीज देऊ लागला. चाळीस वर्षांपूर्वीच्या खरेदीशेजारीच, त्याच कुंपणात, आपली बांधणी.

कुंपण वाढवायला जागा लागली. ती जागा म्हणजे अक्करपट्टी आणि पोफरण.

ही दोन्ही गावं पहिल्या केंद्राच्या भिंतीला लागूनच होती. नव्या संचांसाठी ती उठवली गेली आणि बोईसरच्या बाजूला आत नव्याने वसवली गेली. कागदावर हे पुनर्वसन चांगलं दिसतं: आखीव भूखंड, रस्ते, शाळा. पण किनाऱ्यावरून आत नेलेल्या मच्छीमाराला भूखंड मिळतो, समुद्र मिळत नाही. होडी लावायची कुठे, बोंबील वाळवायचे कुठे, आणि प्रकल्पाच्या सुरक्षा पट्ट्यात मासेमारीला बंदी म्हणजे डोल टाकायची कुठे? नोकऱ्यांची आश्वासनं, नव्या घरांची प्रत, पाणी, मोबदला यांवरून वाद वाढले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. प्रकल्पग्रस्तांच्या दाखल्यांची आणि नोकऱ्यांची मागणी त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिली. जुन्या करारात अमेरिका आणि भारत एकमेकांना काय देणं लागतात, याची कलमं होती. शेजारच्या गावाला काय देणं लागतं याचं कलम तितकं नेमकं कधीच लिहिलं गेलं नाही, आणि हा दोष परदेशी विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही.

याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला उपनगरांची दुसरी गरज येऊन बसली. बीएसईएस इतकी वर्षं दुसऱ्यांची वीज वाटत होती. तिने 1995 मध्ये डहाणूला कोळशावरचं 500 मेगावॅटचं स्वतःचं केंद्र सुरू केलं. तिथे मात्र लोक आधीच जागे झाले होते. डहाणू तालुका 1991 मध्ये केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. तारापूरच्या वाट्याला असा पहारेकरी आला नाही. अणुप्रकल्पाचं कामकाज गोपनीयतेच्या कायद्याखाली, आणि त्यावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळही 1983 पासून अणुऊर्जा खात्याच्याच छायेत वाढलेलं. लोकांचा प्रश्न लोकांपुढे मांडायची जागाच नव्हती. मार्च 2011 मध्ये फुकुशिमात जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातल्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या त्सुनामीनंतर वितळल्या तेव्हा तारापूरची सुरक्षा नव्याने तपासली गेली. एप्रिल 2011 मध्ये अणुविरोधी कार्यकर्त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या नियोजित जैतापूर अणुप्रकल्पाकडे यात्रा काढली. तिची सुरुवात तारापूरहून केली. निवृत्त नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास आणि माजी न्यायमूर्ती कोळसे-पाटील तिच्यात होते. पोलिसांनी यात्रा अडवली.

एवढं सगळं होऊनही तारापूरचे जुने संच चालत राहिले, हे नोंदवायलाच हवं. कर्ज फिटलं, भांडवली खर्च वसूल झाला, आणि त्यांची वीज देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत गणली जाऊ लागली: युनिटला सुमारे एक रुपया. वीज मंडळाला हे दर सोडवत नसत, हे उघड आहे. पन्नाशी गाठलेल्या यंत्राला निवृत्त करायचं की दुरुस्त करायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे प्रत्येक वेळी ‘दुरुस्त करा’ असंच आलं. 2005-06 मध्ये एकदा मोठी सुधारणा झाली. 2020 मध्ये दोन्ही संच पुन्हा थांबवले गेले, या वेळी भट्टीभोवती पाणी फिरवणाऱ्या पुनर्चक्रणाच्या मोठ्या नळ्या बदलण्यासाठी. या जातीच्या भट्ट्यांत वापरलेल्या स्टेनलेस पोलादाला सांध्यांजवळ चिरा पडतात, हा अनुभव जगभरचा आहे आणि अमेरिका-जपानमधल्या कित्येक भट्ट्यांत असे नळ बदलले गेले आहेत.

दरम्यान दक्षिणेला, रत्नागिरी जिल्ह्यात, परदेशी भट्टी विकत घेण्याचा खेळ पुन्हा मांडला गेला. जैतापूरजवळ, माडबन-मिठगवाण्याच्या सड्यावर, 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण 9900 मेगावॅट. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात असताना अरेव्हा या फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाला. त्याच्या आठवडाभर आधी पर्यावरण मंजुरी घाईने देण्यात आली होती. 18 एप्रिल 2011 रोजी साखरी-नाटे इथल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक मच्छीमार मारला गेला. अरेव्हा पुढे आर्थिक अडचणीत सापडली, तिचा भट्टीचा धंदा फ्रान्सच्याच ईडीएफ या वीज कंपनीने घेतला, आणि एप्रिल 2021 मध्ये ईडीएफने नवा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. तारापूरला निविदेपासून विजेपर्यंत नऊ वर्षं लागली होती. जैतापूरची बोलणी त्याहून जास्त काळ चालली, तरी वीज युनिटला किती रुपयांना पडेल आणि अपघात झाल्यास विक्रेत्याने किती भरपाई द्यायची, या दोन मुद्द्यांवर ती पुन्हा पुन्हा अडली.